बाल न्याय मंडळ ते बालसंगोपन: भाच्याबरोबर फिरलेल्या मामाचं परीक्षण (पाचपैकी साडेतीन तारे)

जिल्ह्याचं नाव लिहिणार नाही, पोलीस ठाण्याचंही नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे गुन्ह्यात सापडलेल्या मुलाची, म्हणजे माझ्या भाच्याची, ओळख पटेल असं काही जाहीर करणं हा गुन्हा आहे. शिवाय मला त्याच भागात गॅरेज चालवायचंय. बाकी जसं घडलं तसं लिहितो.

लोक मिसळीला तारे देतात, मिक्सरला देतात. मी एका सरकारी सेवेला देतोय, कारण ती कशी चालते हे कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. पोरगा चुकीच्या वाटेला लागतोय असं दिसलं की पोलीस, बाल न्याय मंडळ (गुन्ह्यात सापडलेल्या पोरांसाठी), बाल कल्याण समिती (काळजीची गरज असलेल्या पोरांसाठी), शाळा आणि घर यांनी मिळून त्याला लवकर थांबवायचं, अशी ही सेवा. कायद्यात सगळं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात किती मिळतं, ते सांगतो.

भाचा पंधराचा. वडील वारले तेव्हा सातवीत होता. माझी बहीण एका दवाखान्यात साफसफाईच्या ठेक्यावर, तिची दुसरी पाळी रात्री दहाला सुटते. आठवी झाली आणि त्याची शाळा सुटली, भांडण नाही, नापास नाही, नुसतीच सुटली. आणि आता गंमत बघा. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. बालमजुरीचा कायदा चौदाच्या पुढे धोक्याचं नसलेलं काम करू देतो. म्हणजे पंधराव्या वर्षी पोरगं शाळेत नसलं तरी कुठला कायदा मोडत नाही, टेम्पो धुवायला गेलं तरी मोडत नाही. वर्षभर हा मुलगा सरकारच्या कुठल्याच रजिस्टरात नव्हता. मोठ्या पोरांच्या रजिस्टरात मात्र होता. एका संध्याकाळी त्यांच्यातल्या एकाने दिलेल्या चावीने त्याने भाजी मंडईबाहेरची जुनी स्प्लेंडर काढली, पेट्रोल संपेपर्यंत फिरवली आणि नाल्याच्या पुलाजवळ सोडून दिली. सीसीटीव्ही होताच.

पोलीस ठाण्याला मी तीन तारे देतो. पहिल्या अर्ध्या तासाला शून्य, पुढच्याला पाच, सरासरी काढली. ड्युटीवरचे हवालदार म्हणाले, एफआयआर होणार, पोराला रिमांड होमला जावं लागणार, वकील बघा. बहीण तिथेच खाली बसली. मग ठाण्याच्या बाल कल्याण पोलीस अधिकारी आल्या, साध्या कपड्यांत. असा एक अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी पोराला आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, लॉकअपच्या बाजूलाही नेलं नाही, आणि आम्हाला नियम सांगितला. साधी चोरी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. बाल न्याय कायद्यात हा किरकोळ गुन्हा ठरतो. बरोबर कुणी सज्ञान आरोपी नसेल तर अशा गुन्ह्यात मुलावर एफआयआर करायचाच नाही. स्टेशन डायरीत नोंद करायची, मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरायचा, तो बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा आणि आईबापांना तारीख कळवायची. बेडी नाही, मारहाण नाही, कबुलीजबाब नाही. चावी देणारा मोठा पोरगाही सतराचाच निघाला, म्हणून हे सगळं लागू झालं. तो एकोणीसचा असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

तो अहवाल ही या सगळ्या सेवेतली मला सगळ्यात आवडलेली वस्तू. घरात कमावतं कोण, वडील आहेत का, शाळा का सुटली, मित्र कोण, व्यसन आहे का, घरात मारहाण होते का, असे प्रश्न. बहीण उत्तरं देत गेली आणि मला जाणवलं की गेल्या दोन वर्षांत हे प्रश्न तिला एकाही माणसाने विचारले नव्हते. शाळेने नाही, वॉर्डात नाही, आमच्या नातेवाइकांतही नाही. विचारले कधी, तर दुसऱ्याची स्प्लेंडर गेल्यावर.

एक तक्रार इथेच नोंदवतो. अहवालाची माहिती घ्यायला दुसऱ्या दिवशी एक शिपाई गणवेशात त्याच्या जुन्या शाळेत गेला. मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं होतं. नियम साध्या कपड्यांचा आहे तो याचसाठी.

आता मंडळ. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोघांचा जीव गेला आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, तेव्हापासून अख्ख्या महाराष्ट्राला बाल न्याय मंडळ म्हणजे निबंधाचं ऑफिस वाटतं. लोकांचा राग रास्तच होता. पण आमच्या गल्लीत तोच विनोद महिनाभर चालला, ‘काय मग, किती शब्दांचा?’ मंडळाबाहेरच्या बाकावर बसून बघा एकदा. पोर्शेवाला एकही दिसत नाही. मोबाईल हिसकावलेला, भंगाराच्या दुकानातून तांबं उचललेला, गणपती मंडळाच्या मिरवणुकीत मारामारी केलेला, आणि प्रत्येकाबरोबर एकटी आई. बाप फार थोडे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशभरात अल्पवयीन मुलांनी केल्याचे ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले आणि महाराष्ट्र त्यात पहिला होता. त्या आकड्यातली बहुतेक पोरं या बाकावरच्यांसारखी असणार असा माझा अंदाज, म्हणजे नुसता अंदाजच.

मी जाताना कोर्टाच्या तयारीने गेलो होतो, थोडा तुरुंगाच्याही. मुंबईच्या चुलतभावाला लहानपणी ‘डोंगरीला टाकीन’ म्हणून दटावायचे, ते डोक्यात होतं. डोंगरी म्हणजे उमरखाडीचं रिमांड होम, आणि ते खरोखरच जुन्या डोंगरी तुरुंगात आहे, १८८२ साली टिळक-आगरकरांनी १०१ दिवस काढले तोच. आमच्याकडची इमारत तशी ऐतिहासिक नाही, गळकी आहे. पण खोलीत पिंजरा नाही, उंच चौथरा नाही. नियमच आहे की मंडळाने मुलापेक्षा उंचावर बसायचं नाही आणि साक्षीदाराचा कठडा ठेवायचा नाही. मधे न्यायदंडाधिकारी, बाजूला दोन समाजसेवक सदस्य, त्यातली किमान एक बाई असावीच लागते. टेबल साधं, लाकडी. पोराला नाव विचारलं, जेवलास का विचारलं, मग गाडीचं विचारलं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळाला. तरुण होता, फार बोलला नाही, त्याची गरजही पडली नाही. साडेचार तारे. अर्धा कापला तो वाट बघण्याचा. तारीख सकाळची मिळते आणि नंबर दुपारी लागतो. बहिणीची त्या दिवसाची हजेरी प्रत्येक वेळी बुडाली, आणि ठेकेदाराला कारण सांगायची सोय नाही.

चौकशी चार महिन्यांत संपवायची असं कायद्यात आहे. मुदत वाढवूनही किरकोळ गुन्ह्याची चौकशी संपली नाही तर प्रकरण बंद होतं. आमचं मुदतीत झालं. समजही दिली आणि रविवारी वृद्धाश्रमात सेवा करायचा आदेशही दिला. यावर मी साशंक होतो, वाटलं झाडू मारायला लावतील आणि फोटो काढतील. तिथे गेल्यावर पोराला दिसलं की निम्म्या व्हीलचेअरना ब्रेक लागत नाहीत. माझ्याकडून पाना आणि केबल घेऊन गेला. आदेशाचे रविवार संपले तरी अधूनमधून जातो, कारण तिथल्या एका आजोबांना त्याने खुर्चीला आरसा बसवून द्यायचं कबूल केलंय.

समुपदेशनाला मात्र दीड तारा. एका हॉलमध्ये पंधरा-वीस पोरं, समोर प्रोजेक्टर, विषय ‘मोबाईलचे दुष्परिणाम’. शेवटी चहा-बिस्किटं. बिस्किटं चांगली होती असं भाच्याचं मत.

पाच तारे ज्यांना द्यायचे त्या परिविक्षा अधिकारी, म्हणजे मंडळासाठी मुलाच्या घरची माहिती काढणाऱ्या आणि त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या. सगळे त्यांना प्रोबेशन मॅडम म्हणतात. मुलगा पहिल्यांदा मंडळासमोर आला की त्यांनी पंधरा दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्या घरी आल्या, शेगडीजवळच्या पाटावर बसल्या, पाणी प्यायल्या. गाडीबद्दल फार विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, ‘संध्याकाळी सहा ते दहा हा कुठे असतो?’ बहीण म्हणाली, घरी. पोरगा गप्प. मॅडमनी पुन्हा विचारलं. तेव्हा कळलं की पुलाखालच्या शेडमध्ये असतो, कारण तिथे लाइट असतो आणि माणसं असतात. घरी दोन्ही नसतात. वीजबिल थकून कनेक्शन तोडलं होतं हे बहिणीने मलाही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मॅडमनी जे केलं त्याला मी खरी जोडणी म्हणतो. मी म्हटलं होतं, पोराला गॅरेजात कामाला ठेवतो. त्या म्हणाल्या, ‘मामा, हाताखाली शिकवा, पगारावर ठेवू नका, आणि आधी शाळा.’ शाळेत मुख्याध्यापक नववीत घ्यायला तयार नव्हते, पोलीस आले होते ना. मॅडम स्वतः जाऊन बसल्या आणि त्यांना कलम २४ वाचून दाखवलं. या कायद्याखाली निकाल लागलेल्या मुलाला त्या कारणाने कुठलीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपली की रेकॉर्डही नष्ट करायचं असतं. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला आणि अर्ज घेतला. नसता घेतला तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, हा रस्ता त्यांनी तयार ठेवला होता. संध्याकाळची सोय म्हणून आमच्या भागातल्या तालमीत नेलं. वस्ताद म्हणाले, सातला यायचं, नऊपर्यंत सोडणार नाही, उशीर झाला तर जोर वाढतील. हे वस्ताद कुठल्या शासन निर्णयात नाहीत, कुठल्या समितीत नाहीत. पण पुलाखालची शेड सुटली ती त्यांच्यामुळे.

आणि याच मॅडमनी मंडळाला एक शिफारस केली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाल न्याय कायद्यात दोन दारं आहेत. गुन्ह्यात सापडलेल्या मुलासाठी बाल न्याय मंडळ, आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलासाठी बाल कल्याण समिती. आपल्याला वाटतं ही दोन वेगळी मुलं. कायदा स्वतःच म्हणतो की तेच मूल एकाच वेळी दोन्हीकडचं असू शकतं, आणि मंडळ कधीही प्रकरण समितीकडे पाठवू शकतं. आमचं तसं पाठवलं. समितीने बघितलं, वडील नाहीत, आई एकटी कमावती, मुलगा शाळेबाहेर. बालसंगोपन योजनेला पात्र. महिन्याला २,२५० रुपये. वडील गेले त्या महिन्यापासून तो पात्र होता.

बहिणीने हे ऐकलं आणि समितीच्या अध्यक्षांना सरळ विचारलं, ‘मग माझ्या पोराने गाडी उचलायची वाट बघत होता का?’ अध्यक्ष भले गृहस्थ, म्हणाले, ‘ताई, तुम्ही आला असता तर तेव्हाही दिलं असतं.’ खरं आहे. पण कुठे यायचं हे सांगायला कोण आलं होतं? मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत प्रत्येक वॉर्डात बाल संरक्षण समिती असावी असं आहे, तिचं काम नेमकं हेच, अशी घरं शोधायची. तिच्यात पुढाकार घ्यायचा नगरसेवकाने. २०२२ नंतर आपल्या बऱ्याच महापालिकांवर प्रशासक होते, नगरसेवकच नव्हते. आमच्या वॉर्ड ऑफिसात मी या समितीबद्दल विचारलं तर खिडकीतल्या माणसाने मला पाणीपुरवठ्याच्या टेबलाकडे पाठवलं.

जोडणीला म्हणूनच दोन तारे. मी मेकॅनिक आहे, माझ्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक पार्ट कंपनीचा आहे आणि असेंब्ली कुणीच केलेली नाही. बालसंगोपनाच्या टेबलावर शाळेचं बोनाफाईड मागतात. पोरगं शाळेबाहेर आहे म्हणूनच मदत हवी, आणि शाळेत असल्याचा दाखला आणल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मॅडमनी शाळा, समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष, तिन्हीकडे फोन करून ते सोडवलं. या सगळ्यांच्या फाइल वेगवेगळ्या. पोलिसांचा अहवाल समितीने वाचलेला नव्हता, समितीचा कागद शाळेला माहीत नव्हता, वृद्धाश्रमाचं हजेरीपत्रक बहिणीच्या पिशवीत. सगळं एकत्र होतं ते फक्त मॅडमच्या वहीत. निळी शंभर पानी वही. मधे त्यांचं कंत्राट नूतनीकरणाला गेलं (या खात्यात बरेच जण कंत्राटावरच आहेत) आणि तेवढे दिवस आमचा अर्ज जागचा हलला नाही. नवीन आलेल्या सरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कोणता गुन्हा?’ त्या परत आल्या तेव्हा बहिणीने त्यांना डब्यातून पुरणपोळी नेऊन दिली. त्यांनी घेतली नाही, घेता येत नाही म्हणाल्या, मग ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून खाल्ली.

त्या मधल्या काळात मी १०९८ लाही फोन लावून बघितला. ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली, आता सरकार चालवतं आणि ११२ शी जोडली आहे. फोन लगेच उचलला, बाई मराठीत आणि नीट बोलल्या, माहिती लिहून घेतली, जिल्हा कक्षाचा नंबर दिला. साडेतीन तारे. नंबर दिला तिथे कुणी उचलत नव्हतं, त्याचा दोष त्यांच्यावर घालत नाही.

आता ज्यांच्या घरी पोलीस अजून आलेले नाहीत त्यांच्यासाठी. वडील नसतील, आई रात्रपाळीला असेल, पोरगं आठवीनंतर घरी बसलं असेल, संध्याकाळी कुठे जातं ते सांगत नसेल, तर दुसऱ्या दाराने आत्ताच जा. बाल कल्याण समितीकडे मुलगा स्वतः जाऊ शकतो, शिक्षक नेऊ शकतात, शेजारी नेऊ शकतो, कायद्यात कुणाही जागरूक नागरिकाला मुभा आहे. गुन्हा लागत नाही, वकील लागत नाही. समोरच्या बाकावर बसलेल्या बायकांना मी हे सांगत होतो, तर त्यातली एक म्हणाली, धाकट्याला आणू का मग? तो तेराचा आहे आणि मोठ्याच्या मागे मागे फिरतो. मी म्हटलं, आणाच. मंडळाला आणि समितीला मिळून सगळ्यात जास्त काम होईल ते या धाकट्यांवर.

भाच्याचं म्हणाल तर नववी काठावर पास झाला, गणितात रडला. त्या मोठ्या पोरांपैकी दोघं अजून पुलाखाली आहेत आणि येता-जाता त्याला हाका मारतात. एकदा थांबला होता, मला दिसलं. विचारलं तर म्हणाला, मामा, नुसता बोलत होतो. मॅडमच्या देखरेखीची मुदत अजून थोडी शिल्लक आहे ते बरं आहे.

जाताना घेऊन जायचे कागद, कारण भिंतीवरची यादी अर्धी फाटलेली आहे: वडिलांच्या मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मायलेकांची आधारकार्डं, बोनाफाईड, बँकेचं पासबुक आणि घरासमोर मूल व पालक दोघं उभे असलेला फोटो. सगळ्याच्या तीन-तीन प्रती काढा. समिती रोज बसत नाही, आधी फोन करून वार विचारा. आणि झेरॉक्स घरूनच काढून न्या, तिथल्या गेटसमोरचा माणूस पानाला पाच रुपये लावतो.